लोकमान्य, सुरत आणि मधुमेहाची तपासणी

दरवर्षी २३ जुलै आणि १ ऑगस्ट या दोन दिवशी आपण लोकमान्य टिळकांचे स्मरण करतो. सुरतेत गणपती बसवतानाही त्यांचे नाव घेतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. केसरी, गीतारहस्य, मंडाले, होमरूल हे सगळे आपल्या मुलांनाही शाळेतून ठाऊक होते. पण लोकमान्यांच्या आयुष्यातील एक गोष्ट आपण क्वचितच बोलतो. ते मधुमेही होते. ज्या काळात इन्सुलिन नव्हते, गोळ्या नव्हत्या आणि बोटावरच्या एका थेंबातून साखर मोजणारे यंत्र नव्हते, त्या काळात त्यांनी हा आजार सांभाळला, तोही तुरुंगात.

आज आपल्या सभासदांच्या घरांपैकी मधुमेह नसलेले घर शोधावे लागेल. म्हणून या वर्षीच्या पुण्यतिथीला लोकमान्यांचे चरित्र आम्ही थोडे वेगळ्या बाजूने सांगत आहोत. ते आजारी पडले तेव्हा वैद्यकाच्या हाती काय होते, आणि त्यांच्यानंतर त्यात काय भर पडली, हेही सोबत येईलच.

तालमीतला विद्यार्थी

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. १८६६ मध्ये त्यांची बदली पुण्याला झाली आणि कुटुंब पुण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात आई पार्वतीबाई गेल्या. १८७२ मध्ये, बाळ सोळा वर्षांचा असताना, वडीलही गेले.

लहानपणी त्यांची प्रकृती नाजूक होती. डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतल्यावर पहिले वर्ष त्यांनी अभ्यासापेक्षा शरीराला दिले. व्यायाम, पोहणे आणि भरपूर खाणे असा तो क्रम होता. त्या वर्षीच्या परीक्षेत ते नापास झाले, पण शरीर मात्र कमावले. पुढे हालअपेष्टांत तीच शिदोरी उपयोगी पडली, असे त्यांचे चरित्रकार सांगत आले आहेत. १८७६ मध्ये ते पहिल्या वर्गात बी. ए. झाले, १८७९ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल आणि १८८१ मध्ये केसरी व मराठा ही पत्रे सुरू झाली.

त्यानंतरच्या कामाची यादी आपल्याला पाठ आहे. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाला त्यांनी बळ दिले, मग शिवजयंतीचा उत्सव आला. १८९७ मध्ये राजद्रोहाचा पहिला खटला होऊन दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. एक वर्षानंतर, सप्टेंबर १८९८ मध्ये ते सुटले तेव्हा वजन बरेच उतरलेले होते. सिंहगडावर हवापालटासाठी राहून त्यांनी प्रकृती सावरली. १९०३ मध्ये प्लेगने थोरला मुलगा विश्वनाथ गेला. त्याच सुमारास ताईमहाराज प्रकरणाचा त्रास वर्षानुवर्षे चालू होता. काम, चिंता, बैठे लेखन आणि अवेळी जेवणे यांतच चाळिशी उलटून गेली.

सुरतचे ते दोन दिवस

डिसेंबर १९०७ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन आपल्या सुरतेत भरले. ते खरे तर नागपूरला व्हायचे होते. तेथे राष्ट्रीय पक्षाचे बळ जास्त, म्हणून नेमस्त पुढाऱ्यांनी ते सुरतेला हलवले. तापीच्या काठी फ्रेंच गार्डनमध्ये मंडप उभारला होता. कलकत्त्याच्या आदल्या अधिवेशनात स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण असे ठराव झाले होते. ते सुरतेत सौम्य केले जातील, अशी टिळकांच्या बाजूला शंका होती.

२६ डिसेंबरला गोंधळामुळे सभा थांबवावी लागली. २७ तारखेला रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षपदाचा ठराव झाल्यावर आपल्याला बोलू द्यावे, अशी लेखी सूचना टिळकांनी आधीच दिलेली होती. ती मानली गेली नाही, तेव्हा ते व्यासपीठावर गेले आणि हाताची घडी घालून उभे राहिले. खुर्च्या उचलल्या गेल्या. एक दक्षिणी जोडा भिरकावला गेला आणि तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला. काँग्रेस दुभंगली.

त्या वेळी टिळकांचे वय ५१ होते. पुढच्या सात महिन्यांत ते पुन्हा तुरुंगात गेले, आणि या वेळी मधुमेह घेऊन.

तेव्हा मधुमेह ओळखत कसे?

मधुमेह हा शब्दच आपल्याकडे फार जुना आहे. चरकसंहितेत आणि सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे प्रकार दिले आहेत आणि मधासारखी लघवी हे मधुमेहाचे लक्षण सांगितले आहे. शरीराकडे आणि लघवीकडे मुंग्या-किडे येऊ लागणे ही चरकाने सांगितलेली पूर्वखूण आहे. म्हणजे पहिली तपासणी मुंग्यांनी केली, असे म्हणायला हरकत नाही. पथ्यात चरकाने यवाला, म्हणजे जवाला, पहिले स्थान दिले आहे. मराठीत यालाच आपण सातू म्हणतो. हा सातू पुढे मंडालेत भेटणार आहे.

युरोपात १६७४ मध्ये टॉमस विलिस या इंग्रज डॉक्टरने मधुमेह्याची लघवी गोड लागते, हे चाखून लिहिले. १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन याने लघवी आटवून खाली उरणारी साखर दाखवली. रोग्याच्या रक्तातील पाणीही गोड असते, हेही त्याने नोंदवले. म्हणजे दोष केवळ मूत्रपिंडाचा नाही, साखर रक्तातूनच येते. १८१५ मध्ये शेवरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ही साखर द्राक्षातील साखरेसारखीच, म्हणजे ग्लुकोज असल्याचे सांगितले.

चाखण्याची वेळ टळली ती मोरचुदामुळे. मोरचूद म्हणजे तांब्याचे निळे क्षार. १८४८ मध्ये जर्मनीतील फेहलिंग याने मोरचुदाचे एक अल्कधर्मी द्रावण तयार केले. त्यात लघवी घालून तापवली की साखर असल्यास निळा रंग जाऊन विटकरी गाळ बसतो. फेहलिंगची दोन द्रावणे वेगवेगळी ठेवून ऐन वेळी मिसळावी लागत. १९०८ च्या सुमारास अमेरिकेतील स्टॅन्ली बेनेडिक्ट याने एकाच बाटलीत टिकणारे द्रावण बनवले. पाच मिलिलिटर द्रावणात लघवीचे आठ थेंब टाकून उकळायचे आणि रंग पाहायचा. निळा राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी या क्रमाने साखर वाढत जाते. आपल्यातील ज्येष्ठांनी शाळेच्या किंवा कॉलेजच्या प्रयोगशाळेत हे रंग पाहिलेले असतील. पुढे अनेक वर्षे कित्येक मधुमेह्यांच्या घरी स्पिरिटचा दिवा, परीक्षानळी आणि ही निळी बाटली असे.

या तपासणीत एक मोठी उणीव होती. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर जाईपर्यंत निरोगी मूत्रपिंड ती अडवून धरते, लघवीत उतरू देत नाही. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असायला हवी. म्हणजे १३० किंवा १६० साखर घेऊन माणूस वर्षानुवर्षे फिरला तरी नळीतला रंग निळाच राहणार. शिवाय लघवी मूत्राशयात काही तास साठलेली असते, म्हणून ती आत्ताची साखर सांगत नाही. साखर फार खाली गेली तर ही तपासणी मुकीच. लोकमान्यांच्या काळच्या डॉक्टरांना रोग दिसे तो असा उशिरा आणि अंधुक.

सुरतेवरून साबरमतीला

एप्रिल १९०८ मध्ये मुजफ्फरपूरला बॉम्ब पडला. त्यावर केसरीत आलेल्या लेखांवरून २४ जून रोजी टिळकांना मुंबईत सरदारगृहात अटक झाली. जामिनासाठी बॅरिस्टर जीना उभे राहिले, पण न्यायमूर्ती दावर यांनी जामीन नाकारला. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांसाठी जामीन मिळवला होता. या वेळी टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली आणि अनेक दिवस तासन् तास उभे राहून भाषण केले. ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षे काळ्या पाण्याची आणि हजार रुपये दंडाची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. मुंबईतील गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला.

त्याच रात्री खास गाडीने त्यांना अहमदाबादला नेले. मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग सुरतेवरूनच जातो. सात महिन्यांपूर्वी ज्या शहरात त्यांच्या नावाने मंडप दणाणला होता, तेथून ते बंद डब्यातून गेले.

साबरमतीच्या तुरुंगात मधुमेही माणसाला कैद्याचे अन्न सोसेना. वजन झपाट्याने उतरू लागले. सरकारने शिक्षेचे रूप बदलून साधी कैद केली आणि सप्टेंबरमध्ये त्यांना बोटीने ब्रह्मदेशात पाठवले.

मंडालेतील पथ्य

मंडालेचा उन्हाळा कडक, धुळीचा. राहायला लाकडी गजांची खोली होती. तिच्यातून ऊन, वारा, पाऊस आणि थंडी सारखीच आत येत. घरी पत्र पाठवायचे ते महिन्याला एक. जवळ आपल्या भाषेत बोलणारे कोणी नाही. पुढे स्वयंपाकासाठी वासुदेवराव कुलकर्णी नावाचा मराठी कैदी देण्यात आला, तेवढाच काय तो आधार. त्यांनी नंतर या दिवसांच्या आठवणी सांगितल्या, म्हणून आपल्याला त्या खोलीतले जगणे कळते.

औषध म्हणावे असे मधुमेहावर तेव्हा काहीच नव्हते. उपाय एकच, पथ्य. टिळकांनी भात आणि गहू बाजूला ठेवले आणि सातूच्या पिठावर राहिले. आज आहारतज्ज्ञ सांगतात की जवात विरघळणारा तंतू जास्त असतो, म्हणून त्याची साखर रक्तात सावकाश चढते. टिळकांपाशी हा हिशेब नव्हता. पण वैद्यकाचा जुना धडा आणि स्वतःच्या शरीराचा अनुभव होता. कोकणातल्या माणसाने भात सोडणे म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. सुपारीची त्यांना फार आवड होती, तीही तुरुंगाने सोडवली.

या पथ्यावर राहूनच त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले. शाई मिळत नव्हती, म्हणून पेन्सिलीने, पाने मोजून दिलेल्या वह्यांत, काही महिन्यांत तो प्रचंड ग्रंथ उतरला. पाली, जर्मन, फ्रेंच यांचा अभ्यासही त्यांनी तुरुंगात चालू ठेवला. जून १९१२ मध्ये पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्याची तार त्यांना तेथेच मिळाली. शरीर आणि मन दोन्ही खचवणारी ही वर्षे होती. तरी पथ्य मोडले नाही आणि काम थांबले नाही.

आम्हाला या चरित्रातील सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते. नळीतला रंग सोडला तर आजार मोजायला त्यांच्या काळी काही नव्हते. आज किती आहे, काल किती होती, भाताने किती वाढते, यातले एकही उत्तर त्यांना मिळण्यासारखे नव्हते. उत्तर मिळत नसतानाही त्यांनी रोजचे ताट बदलले आणि सहा वर्षे बदललेले ठेवले.

सुटका आणि शेवट

१६ जून १९१४ च्या मध्यरात्री त्यांना पुण्यात गायकवाडवाड्याच्या दारात आणून सोडले. १९१५ मध्ये गीतारहस्य छापून निघाले. १९१६ मध्ये होमरूल लीग स्थापन झाली. त्याच वर्षी लखनौला काँग्रेसची दोन्ही अंगे पुन्हा एकत्र आली आणि सुरतची फूट बुजली. १९१८ मध्ये चिरोल खटल्यासाठी ते विलायतेला गेले. तो खटला हरले, पण वर्षभर तेथे राहून स्वराज्याचा प्रचार केला आणि १९१९ च्या अखेरीस परतले. मधुमेह असलेला, साठी ओलांडलेला माणूस हे सगळे करत होता.

जुलै १९२० मध्ये मुंबईत त्यांना ताप आला, त्यातून छातीचा विकार वाढला. १ ऑगस्ट १९२० रोजी मध्यरात्रीनंतर सरदारगृहात त्यांनी देह ठेवला. त्यांना ६४ वर्षे पूर्ण होऊन आठवडाच झाला होता. गिरगाव चौपाटीवर लाखोंच्या जनसमुदायासमोर त्यांना अग्नी दिला.

त्यांच्या अखेरच्या वर्षांतच जगात तपासणीची नवी वाट उघडत होती. पूर्वी रक्तातील साखर मोजायला इतके रक्त काढावे लागे की ते पुन्हापुन्हा करणे शक्य नव्हते. १९१३ मध्ये स्वीडनच्या इव्हार बांग याने थोड्या थेंबांवर चालणारी पद्धत दिली. १९१९-२० मध्ये फोलिन आणि वू यांनी अमेरिकेत थोड्याशा रक्तावर करता येणारी सोपी पद्धत मांडली आणि ती जगभरच्या प्रयोगशाळांत गेली. रक्तातील साखर वारंवार मोजता येऊ लागली, म्हणूनच १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांना आपल्या अर्काने साखर उतरते, हे दाखवता आले. जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लिओनार्ड टॉमसनला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळाले. लोकमान्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन पाळतात, तो बँटिंग यांचा जन्मदिवस आहे.

नळीपासून दंडावरच्या बिल्ल्यापर्यंत

पुढचा प्रवास आपल्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. १९४१ मध्ये क्लिनिटेस्ट ही गोळी आली. ती परीक्षानळीत टाकली की स्वतःच उष्णता निर्माण करी, दिवा लागत नसे. १९५६ मध्ये अमेरिकेत ॲल्फ्रेड आणि हेलन फ्री या दांपत्याच्या कामातून क्लिनिस्टिक्स ही बुडवायची पट्टी निघाली. तिच्यातील विकर फक्त ग्लुकोजलाच ओळखे. १९६० च्या दशकाच्या मध्यावर रक्तासाठी डेक्स्ट्रोस्टिक्स आली. पट्टीवर थेंब ठेवायचा, मिनिटभराने पाण्याने धुवायचा आणि रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. तो रंग डोळ्यांऐवजी यंत्राने वाचावा म्हणून १९७० च्या सुमारास पहिला ग्लुकोमीटर बनला. तो किलोभर वजनाचा, महाग आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवायचा होता.

त्याआधीच, १९६२ मध्ये, लेलँड क्लार्क यांनी विकर आणि विद्युतप्रवाह यांची सांगड घालण्याची कल्पना मांडली होती. तिच्यावर १९८७ मध्ये पेनाएवढे यंत्र निघाले. आज आपल्या घरात असलेली यंत्रे बहुतेक याच जातीची. थेंब पट्टीत ओढला जातो आणि काही सेकंदांत आकडा दिसतो.

१९६८ मध्ये इराणचे सॅम्युएल रहबर यांना मधुमेह्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये साखर चिकटलेला भाग जास्त आढळला. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, म्हणून हा भाग मोजला की मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. हीच आपली एचबीएवनसी. तपासणीच्या आदल्या दोन दिवशी गोड बंद करून ती फसत नाही. १९९९ पासून कातडीखालच्या बारीक तारेने सतत साखर टिपणारी यंत्रे आली. आता दंडावर बिल्ल्यासारखे चिकटवायचे यंत्र चौदा दिवस मोबाइलवर आलेख दाखवते. त्यात पुरी खाल्ल्यावर चढणारी रेघ आणि जेवणानंतर पंधरा मिनिटे चालल्यावर उतरणारी रेघ, दोन्ही दिसतात.

आपल्यासाठी

सुरतेत आपण पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलो. कोणी कोकणातून आले, कोणी देशावरून, उधना-लिंबायतकडील बरीच कुटुंबे खानदेशातून आली. आपल्या ताटात पुरणपोळी आणि मोदकाशेजारी घारी आणि जिलेबीही येऊन बसली. सणवार आपल्याकडे दुप्पट आहेत आणि चालणे निम्मे झाले आहे. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली गोष्ट, त्रास होत नाही म्हणून साखर नाही, असे धरू नये. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा एचबीएवनसी ६.५ किंवा त्याहून जास्त आली आणि पुन्हा तपासल्यावरही तशीच राहिली, तर तो मधुमेह समजतात. तिशी ओलांडलेल्या, घरात आई-वडिलांना मधुमेह असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तपासून घ्यावे.

दुसरी गोष्ट, घरचे यंत्र वापरताना हात साबणाने धुवून कोरडे करावेत. बोटाला आंब्याचा रस किंवा पेढ्याचा अंश असेल तर आकडा फुगतो. पट्ट्यांची मुदत पाहावी आणि डबी घट्ट बंद ठेवावी, विशेषतः आपल्या पावसाळ्यात.

तिसरी गोष्ट, रक्त कमी असेल किंवा सिकलसेल असेल तर एचबीएवनसी चुकीचा आकडा देऊ शकते. सिकलसेल दक्षिण गुजरातेत आणि नंदुरबार-धुळे भागातील आदिवासी समाजात आढळतो. असे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे आणि रक्तातील साखरेचीच तपासणी करून घ्यावी.

लोकमान्यांजवळ यातले काहीही नव्हते. आपल्याजवळ सगळे आहे, आणि बहुतेक घरांत ते यंत्र कपाटात पडलेले आहे. या गणेशोत्सवात प्रसादाच्या ताटाशेजारी साखर तपासणीचे एक टेबल मांडावे, असे आम्हाला वाटते. सार्वजनिक उत्सव समाजाच्या कामी यावा, ही तर लोकमान्यांचीच शिकवण. ज्यांना तपासणीसाठी वेळ देता येईल, अशा आपल्यातील डॉक्टर, परिचारिका आणि प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मंडळींनी कार्यकारिणीकडे नाव द्यावे.